संध्याकाळी नोंदवलेले शहात्तर पॅक

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार, ३ एप्रिल

प्रिय गीताबाई,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण माझे गुडघे तुम्हांला ठाऊक आहेत. एकदा खाली बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्या दोघांतल्या एक तुम्ही असायच्या. तेव्हा उभ्यानेच, पण दोन्ही हात जोडून.) वरच्या दोन शब्दांच्या मायन्यातच माझा अर्धा तास गेला. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तुम्ही माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या, आणि तुम्ही म्हणाल, वैनीला एकाएकी काय झालं. ‘श्रीमती गीताबाई यांस’ लिहिलं तर ते कारखान्याकडून आलेल्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. ‘प्रिय’ हे आमच्या कॉन्व्हेंटातलं. तिथं शाळेचा नळ गळतोय अशी तक्रार लिहायची असली तरी आम्ही ‘प्रिय’नेच सुरुवात करायचो. असू द्या. एकोणीस वर्षं जिच्याबरोबर एका टेबलावर डबा खाल्ला तिला ‘प्रिय’ म्हणायला कुणाची हरकत नसावी. तुमची असली तर खोडून टाका.

डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं द्वारकाबाईंकडून कळलं. हिरवी पट्टी निघाली का? थेंब वेळेवर घालता ना? चुलीपुढे वाकू नका, कांदा चिरू नका, आणि ‘मला दिसतंय की’ म्हणून लगेच सुईत दोरा ओवायला बसू नका. (तनुजा, बाळा, हे तुझ्यासाठी. तुझ्या सासूबाई अजून महिनाभर पत्र वाचू शकणार नाहीत, तूच वाचून दाखवशील, हे धरून मी लिहिते आहे. कंसातलं आधी स्वतः वाच आणि मग ठरव. जे उघड सांगायला धीर होत नाही ते मी कंसात घालते, ही माझी जुनी सवय आहे.) फर्दापूरला आता ऊन तापलं असेल. इथंही तेच. ‘हे’ बरे आहेत, सकाळी शब्दकोडं सोडवतात आणि मला आडवे शब्द विचारतात. आमचा चिन्मय वाळला आहे. मी ठीक नाही, पण ते पुढं येईलच.

तनुजाला आपला कारखाना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. वाळूजला आमची एक शेड आहे, तिथं गाड्यांना लागणाऱ्या रबराच्या चकत्या होतात. तीन प्रेस आहेत. प्रेसमधून चकती गरम निघते, बायका तिच्या कडा कातरतात, शंभर-शंभर मोजून पिशवीत भरतात, त्या पिशवीला पॅक म्हणतात. तुझ्या सासूबाई आमच्या पहिल्या पॅकिंगवाल्या. त्यांनी सायकलच्या चाकाची एक तार सरळ करून घेतली होती, तिच्यावर चकत्या ओवायच्या, आणि बरोबर शंभराव्या चकतीला येईल अशी तारेवर नखपॉलिशची लाल खूण. (ते नखपॉलिश माझं होतं. लग्नातलं. त्याचा एवढा चांगला उपयोग आणखी कुठं झाला नसता.) एक पॅक भरला की एक चिंचोका वाटीत. संध्याकाळी मी वाटीतले चिंचोके मोजायचे आणि वहीत लिहायचे. एकोणीस वर्षं हा हिशेब एका चिंचोक्यानंही चुकला नाही. एकदा चुकलासा वाटला होता, तेव्हा एक चिंचोका चिन्मयनं गिळला होता, तो सात वर्षांचा होता, आणि तुम्ही दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवून होता.

मग चिन्मय मोठा झाला, शिकला, आणि दिवाळीनंतर त्यानं सॉफ्टवेअर आणलं. पॅकिंगच्या टेबलाशेजारी स्टँडवर एक टॅब आणि त्याखाली चिकटपट्ट्या छापणारी एक छोटी पेटी. काम सुरू करताना आपलं नाव आणि प्रेसचा नंबर निवडायचा. शंभर चकत्या भरल्या की लगेच ‘पॅक’ हे बटण दाबायचं, पेटीतून चिठ्ठी बाहेर येते, ती त्याच पिशवीवर चिकटवायची. चिठ्ठीवर नंबर, वेळ, प्रेस आणि भरणाऱ्या बाईचं नाव. दुसऱ्या प्रेसचा माल घेतला किंवा दुसरी बाई बसली की चालू काम बंद करून नवं सुरू करायचं. एवढंच. अर्ध्या तासात त्यानं सगळ्यांना समजावलं. नंतर तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, “वैनी, हे आपल्या चिंचोक्यावानीच हाय की. भरला की टाकला.”

गीताबाई, त्या दिवशी मी तुमचं ऐकलं असतं तर आज हे पत्र लिहायला बसले नसते.

पण मला वाटलं, तुम्हांला काय कळतंय. स्क्रीन इंग्रजीत होता. इंग्रजी म्हणजे माझा प्रांत. छावणीतल्या आमच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टा होत्या, त्यांचा नियम होता की प्रत्येक मुलीच्या दोन वह्या हव्यात, एक रफ आणि एक फेअर. वर्गात जे काही होईल ते रफमध्ये, पेन्सिलीनं, कसंही. संध्याकाळी घरी हातपाय धुऊन, शाईच्या पेनानं, लाल समास आखून ते फेअर बुकात उतरवायचं. फेअर बुकात खाडाखोड दिसली तर सगळं पान पुन्हा. मला दरवर्षी फेअर बुकाचं बक्षीस मिळायचं. (एका वर्षी शार्लट नावाच्या मुलीला मिळालं. ते मी अजून विसरलेले नाही. यावरून तुम्हांला माझ्या स्वभावाची कल्पना यावी.) तेव्हा तो चकचकीत टॅब पाहिल्यावर मला ताबडतोब कळलं की हे फेअर बुक आहे. पांढऱ्या पावडरीनं भरलेल्या हातांनी, काम चालू असताना, धावपळीत फेअर बुकात लिहायचं असतं का?

शिवाय तुमची बोटं त्या टॅबला कळेनातच. चकत्या चिकटू नयेत म्हणून आपण जी पावडर लावतो तिच्यामुळे काच बोट ओळखायची नाही. तुम्ही पदराला बोट पुसून दाबायच्या, कधी कोपरानं. द्वारकाबाईंनी तर एकदा नाकानं दाबलं आणि पॅक बरोबर नोंदला गेला, तेव्हापासून त्या सगळ्यांत पुढे होत्या. मी म्हटलं, हे काही शोभत नाही. मी तुम्हां सगळ्यांना सांगितलं की तुम्ही नुसतं भरा, चिंचोके टाका, मी कच्च्या वहीत लिहीन आणि संध्याकाळी स्वच्छ हातांनी सिस्टीमवर पक्कं करीन. तुम्ही म्हणालात, “पर वैनी, चिनू म्हनला लगीच दाबा.” मी म्हटलं, चिनूला मी शिकवलंय, चिनूनं मला नाही. (हे वाक्य मी त्या वेळी फार खुशीत म्हटलं होतं.)

चिन्मय पाच वाजता गिऱ्हाइकांकडे जायला बाहेर पडायचा. त्यानंतर मी बसायची. हातपाय धुऊन, चष्मा पुसून. दिवसभराचे साठ-सत्तर पॅक एका ओळीत मांडलेले, मी बटण दाबत जायची, चिठ्ठ्या निघत जायच्या, मी त्या चिकटवत जायची. सुरुवातीला प्रत्येक बाईचं नाव बदलायची. पण नाव बदलायचं म्हणजे चालू काम बंद करायचं, टॅब विचारतो ‘खात्री आहे का’, मग ‘खरंच खात्री आहे का’, मग नवं काम उघडायचं. इतक्या वेळा मला कुणी लग्नातही विचारलं नव्हतं. शेवटी मी ठरवलं की सगळे पॅक एकाच नावावर घ्यायचे. यादीत सर्वांत वर तुमचं नाव होतं, कारण तुम्ही सर्वांत जुन्या. मला वाटलं, मोठ्या बाईच्या नावावर सगळ्यांचं काम, हा एक प्रकारे मानच.

आता अठरा फेब्रुवारीचं सांगते. मंगळवार होता. द्वारकाबाई भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या आणि तीन नंबरच्या प्रेसचा माल भरायला कुणी नव्हतं, म्हणून मी स्वतः बसले. थंडीनं माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या, म्हणून मी पांढरे सुती हातमोजे घातले. तुम्ही टेबलाच्या त्या टोकावरून म्हणालात, “वैनी, मोजं काढा. हाताला मालच लागंना मग कळंल कसं?” मी म्हटलं, मला कळतंय. कच्चं राहिलेलं रबर बोटाला किंचित चिकटतं, एवढंच त्याचं लक्षण, डोळ्याला ते दिसत नाही. त्या दिवशी तीन नंबरची प्रेस नीट तापत नव्हती. मी चौदा पॅक भरले. हातमोज्यांना काहीही चिकटलं नाही.

संध्याकाळी कच्च्या वहीत मी लिहिलं: प्रेस एक, गीताबाई, छत्तीस. प्रेस दोन, नवी मुलगी, सव्वीस. प्रेस तीन, मी, चौदा. एकूण शहात्तर. ती वही माझ्या खणात आहे. अक्षर माझंच आहे. आणि सिस्टीमवर पक्कं केलं: गीताबाई, शहात्तर. वेळ सहा वाजून दहा मिनिटं ते सहा पंचवीस.

पुढचं तुम्हांला माहीत आहे, पण तनुजाला बहुधा माहीत नसेल, कारण तुम्ही कुणाला सांगितलं नसणार. सात मार्चला गिऱ्हाइकाकडून चौदा पॅक परत आले, चकत्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झालेला. चिन्मय एरवी फक्त दिवसाचा एकूण आकडा बघायचा, आता त्यानं चिठ्ठ्या तपासल्या, सगळ्यांवर तुमचंच नाव, आणि अकराच्या चहाला सगळ्यांसमोर विचारलं. तो ओरडला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ओरडला असता तर तुम्ही त्याला दटावलं असतं. तो हसत म्हणाला, “मावशी, पंधरा मिनिटांत शहात्तर पॅक? भरला की लगेच दाबायचं सांगितलं होतं ना? संध्याकाळी गोळा करून दाबलं की असा कच्चा माल पुढं जातो.” काहीजण हसले. तुम्ही म्हणालात, “चिकट लागलं असतं तर म्या सोडलं असतं का, बाळा?” आणि मग माझ्याकडे पाहिलंत.

माझ्या चहात साखर नसते, गीताबाई. दहा वर्षं झाली. तरी मी चमचा घेऊन ढवळत राहिले.

संध्याकाळी बटण कोण दाबतं ते द्वारकाबाईंना माहीत होतं, त्यांनीही स्वतःच्या कपातच पाहिलं, पण त्यांना दोष नाही. मालकीण गप्प असताना त्या काय बोलणार. तुम्ही ॲप्रन घडी करून ठेवलात, सायकलची तार खुंटीला लावलीत, डबा घेतलात आणि माझ्याजवळ थांबून म्हणालात, “येते वैनी.” तुम्ही ‘जाते’ म्हणाला नाहीत, या एका शब्दावर मी सत्तावीस दिवस काढले आहेत. खिडकीतल्या तुमच्या वाटीत त्या दिवशीचे अकरा चिंचोके आहेत. ती वाटी मी कुणाला हलवू देत नाही. परवा झाडणाऱ्या बाईंनी ती घासायला नेली, तर मी चिंचोके हातात धरून नळाजवळ उभी राहिले.

चार दिवसांनी मी बजाजनगरला तुमच्या खोलीवर गेले होते. औरंगपुऱ्यातून बर्फीचा पुडा घेतला, रिक्षा केली. वाटेत सगळं पाठ केलं, म्हणजे मी काय म्हणणार, तुम्ही काय म्हणणार, मग मी काय म्हणणार. तुमच्या दाराला कुलूप. शेजारच्या मनकर्णाबाई बाहेर आल्या. माझ्या काखेत वही, नाकावर चष्मा, हातात पेन पाहून त्यांनी मला शिरगणतीची बाई ठरवलं आणि घरातल्या माणसांची नावं, वयं सांगायला लागल्या. मध्येच थांबवणं बरं दिसेना, म्हणून मी लिहून घेतलं. पाच माणसं, एक गॅस, एक मोटरसायकल, नळ दोन दिवसांआड. शेवटी त्यांनी विचारलं की नळाचं काही होईल का. मी बर्फीचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि निघाले. सरकारकडून बर्फी मिळाल्याचं त्यांनी गल्लीत सांगितलं असेल. तुमच्याबद्दल विचारायचं राहिलंच, तुम्ही फर्दापूरला गेल्याचं नंतर द्वारकाबाईंनी सांगितलं. मग मी तीनदा फोन केला. तनुजा तिन्ही वेळा म्हणाली, आई झोपल्यात. (तनुजा, सकाळी दहा वाजता तुझ्या सासूबाई आयुष्यात कधी झोपलेल्या नाहीत. पण तू बरोबर केलंस.)

आता मी स्वतःलाच शिक्षा म्हणून पॅकिंगला बसते, हातमोज्यांशिवाय, आणि भरला की लगेच दाबते. पहिल्याच दिवशी चकत्यांच्या रकान्यात आधीच असलेल्या शंभराचे चुकून दहा हजार केले, सिस्टीमच्या मते आपल्याकडे असा एक पॅक आहे जो टेम्पोत मावणार नाही. दुसऱ्या दिवशी बटणावर कोपर राहिलं आणि पेटीतून चिठ्ठ्यांची माळ बाहेर आली. त्यातली एक माझ्या जेवणाच्या डब्याला चिकटली, आणि चिन्मयनं तिला चिठ्ठ्या वाचणारा रीडर लावल्यावर भेंडीच्या भाजीला ‘तपासणी झाली, माल ठीक’ असं आलं. मी म्हटलं, हे सगळं पुसून टाक. तो म्हणाला, “आई, एकदा नोंदलेला पॅक पुसता येत नाही. उलटी नोंद करता येते. मग चूकही दिसत राहते आणि दुरुस्तीही.” सिस्टर बेनेडिक्टांना हे मुळीच पटलं नसतं. चूक दिसूच नये म्हणून त्या आम्हांला पान फाडायला लावायच्या.

तर आता मुख्य गोष्ट. सोमवारी मी सगळं सांगून टाकलं. अकराच्या चहाला उभी राहिले, कच्ची वही उघडली, अठरा तारखेचं पान वाचलं, ‘प्रेस तीन, मी, चौदा’ हे दोनदा वाचलं. चिन्मयनं मान खाली घातली. द्वारकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ‘हे’ म्हणाले, शाबास. सगळं मोकळं झालं, मनावरचं ओझं उतरलं, आणि आता तुमच्यावर कसलाही ठपका नाही. तेव्हा तुम्ही मनात काही ठेवू नका, डोळ्याला जपा, आणि सावकाश बरं वाटेल तेव्हा या. घरातल्या सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
दमयंती

ता. क. सोमवारचा वरचा परिच्छेद खरा नाही. मी काहीही सांगितलेलं नाही. सोमवारी वही घेऊन उभी राहिले, चिन्मय म्हणाला, “काय आई?” आणि मी म्हटलं, दूध फार पातळ येतंय. तो परिच्छेद मी आधीच पक्का लिहून ठेवला, म्हणजे तो करायला सोपा जाईल असं वाटलं. (तनुजा, हा ता. क. कंसात नाही. तो मोठ्यानं वाच.)

आणखी एक ता. क. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी, बारा तारखेला, तुम्ही याल का? कामाला नाही, तुमचा डोळा अजून नाजूक आहे. फक्त अकराच्या चहाला. मी मध्यवर्ती बसस्थानकावर घ्यायला येईन, जाताना परत सोडीन. तुम्ही बोलायचं काही नाही. फक्त त्या दिवशी बसला होतात तिथंच बसा आणि माझ्याकडे बघा. तुम्ही समोर नसाल तर मी पुन्हा दुधाचंच बोलेन, माझी मला खात्री आहे. खरंच खात्री आहे.

शेवटचं. हे पत्र लिहून झाल्यावर सवयीनं मी चांगले कागद काढले, लाल समास आखला, आणि सगळं पुन्हा स्वच्छ उतरवायला बसले. अठरा फेब्रुवारीपाशी आले तेव्हा लक्षात आलं की उतरवताना हातमोजे आपोआप वगळले गेले. म्हणून ते कागद ठेवून दिले आहेत. हे कच्चंच पाठवते. खाडाखोडीसकट वाचून घ्या.